खानदेशात येताय? मग थोडे विचारत या

सदर : वर्गाबाहेर

दर दिवाळीला आमच्या घरी चकलीच्या वासाबरोबर एक प्रश्न हमखास येतो. वडिलांच्या काळी तो पोस्टकार्डावरून येत असे, आता मोबाइलवरून येतो. पुण्याचा कोणी आतेभाऊ, मुंबईची कोणी मावसबहीण विचारते, “चार दिवस सुटी आहे. तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे हो?” या ‘हो’मध्ये थोडी शंका मिसळलेली असते. त्यांचाही दोष नाही. बहुतेकांनी खानदेश पाहिलेला असतो तो आगगाडीच्या खिडकीतून. भुसावळला गाडी थांबली, डझनभर केळी घेतली, पाण्याची बाटली भरली आणि “काय बाई हे ऊन!” म्हणून खिडकी ओढून घेतली, की झाले खानदेश-दर्शन!

मागे आमचे एक मेहुणे आयर्लंडला जाऊन आले. तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यांचे वर्णन करताना त्यांना शब्द पुरेनात. बैलगाडीपुरते रस्ते, दोन्ही अंगांना रचलेले दगडी बांध, घटकेत ऊन तर घटकेत पाऊस, आणि समोरून मेंढरे आली की मोटारवाला निमूट थांबतो! मी म्हटले, “भाऊसाहेब, साक्रीच्या रस्त्यावर ठेलाऱ्यांचा कळप आडवा आला होता, तेव्हा तुम्ही हॉर्नवरचा हात काढला नव्हता.” मेहुणे हसले, पण माझ्याकडे सरकवत आणलेली चिवड्याची ताटली त्यांनी परत स्वतःकडे ओढून घेतली.

गंमत अशी की, आयर्लंडला जाण्यापूर्वी या गृहस्थांनी महिनाभर अभ्यास केला होता. कोणत्या महिन्यात जावे, अंगावर काय घालावे, कोणाशी कसे बोलावे, सारे वहीत टिपून घेतले होते. आपल्याच मुलखात जायचे म्हटले म्हणजे मात्र आपण गाडीत पेट्रोल भरतो आणि निघतो. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात वाङ्मयाच्या गप्पा बाजूला ठेवून खानदेशात येणाऱ्या वाचकांना चार सूचना करायचे मी ठरवले आहे. त्यांतल्या तीन मी लोकांकडून शिकलो. चौथी शिकताना माझी मुलगी वाहून जायची वेळ आली होती. ती शेवटी सांगेन.

पहिली सूचना वेळेची. एप्रिल-मेमध्ये येऊ नका. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत आम्ही खानदेशी माणसेही दुपारी दार लावून, पाण्याचा माठ उशाशी घेऊन पडून असतो. तुम्हाला काय दाखवणार? सातपुड्याचा पायथा आणि चाळीसगावकडचे डोंगर पाहावेत ते श्रावणापासून पुढे. धबधबे दसऱ्यापर्यंत भरात असतात. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस तर सोन्याचे. सकाळी शाल लागते, दुपारी ऊन बोचत नाही, शेतांत कापूस फुटलेला असतो आणि बाजारात भरताची वांगी आलेली असतात. ज्यांना आदिवासींचा उत्सव पाहायचा असेल त्यांनी फाल्गुनात यावे. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या गावोगावी भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल, बासऱ्या आणि नवे कपडे ल्यालेली माणसे डोंगरातून उतरू लागतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी तर दूरवर प्रसिद्ध आहे. मात्र तो त्यांचा सण आहे, आपल्याकरिता मांडलेला देखावा नव्हे, एवढे ध्यानात ठेवून कडेला उभे राहावे.

वेळेतच वाराचाही हिशेब आला. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. जळगावहून लेणी सुमारे ६० किलोमीटर. पहाटे उठून, मुलांना झोपेतच कपडे चढवून सोमवारी तेथे पोचलेली कुटुंबे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. फर्दापूरच्या तिठ्यावर त्यांची जी तोंडे होतात, ती चित्रकाराने टिपावीत अशी असतात! आपली गाडी त्या तिठ्यावरच ठेवावी लागते आणि तेथून बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. तेवढा वेळ हाताशी धरा. आत फ्लॅश लावून फोटो काढायची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. दीड हजार वर्षे टिकलेला रंग आपल्या हौसेपायी फिका पडू नये.

दुसरी सूचना मुक्कामाची. खानदेश एका दिवसात ‘करायचा’ हट्ट धरू नका. हा मुलूख नकाशात दिसतो त्याहून ऐसपैस आहे. एका फेरीला एक दिशा धरावी आणि तेथे दोन रात्री काढाव्यात.

चाळीसगावची दिशा धरली तर १८ किलोमीटरवर पाटणादेवी आहे. डोंगरांच्या कुशीत चंडिकादेवीचे जुने दगडी मंदिर, भोवती गौताळा अभयारण्याचे जंगल, पावसाळ्यानंतर वाहता केदारकुंड. पण मराठी माणसाने तेथे जावे ते आणखी एका कारणासाठी. ‘लीलावती’ लिहिणारे भास्कराचार्य या परिसराशी जोडलेले आहेत. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी येथे मठ स्थापला, आणि त्या मठाला दिलेल्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांना सापडला. लेखाचा बराच भाग संस्कृतात असून शेवटी मराठी आहे. गणिताच्या शाळेसाठी गावाने काय काय द्यावे हे आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवणारे लोक आपले पूर्वज होते, हे मुलांना त्याच जागी उभे राहून सांगण्यात निराळा आनंद आहे. येथून रानवाटेने पितळखोऱ्याच्या प्राचीन बौद्ध लेण्यांकडे जाता येते. मात्र वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये आणि वनखात्याच्या नाक्यावर चौकशी केल्याशिवाय तर मुळीच जाऊ नये. परतताना चाळीसगाव स्टेशनाजवळ कलामहर्षी केकी मूस यांचे घर पाहा. १९८९ साली वारलेल्या या छायाचित्रकाराने आयुष्याची कितीतरी दशके त्या एका घरात जवळजवळ उंबरा न ओलांडता काढली. एवढ्याशा खोलीत, टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून त्यांनी केवढी सृष्टी उभी केली ते पाहिले, म्हणजे आपण चार दिवसांत चौदा ठिकाणे धुंडाळतो याची थोडी शरम वाटते.

दुसरी दिशा तोरणमाळची. १९९८ पूर्वी हे धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. धुळ्याहून दोंडाईचा, शहादा आणि तेथून पुढे सुमारे ५० ते ५५ किलोमीटर घाटवाट. समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून अधिक उंचीवर यशवंत तलाव आहे, सीताखाईचा कडा आहे आणि महाबळेश्वरची गर्दी अजून पोचलेली नाही. घाट दिवसाउजेडी चढावा. पावसाळ्यात धुके असे उतरते की पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही. पेट्रोल शहाद्याला भरावे, औषधे शहाद्याला घ्यावीत आणि सुटे पैसेही तेथेच करून घ्यावेत. वर मोबाइलची खूण केव्हा नाहीशी होईल याचा नेम नसतो. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय जडलेल्यांनी खिशात दहा-वीसच्या नोटा बाळगाव्यात.

तिसरी दिशा जळगावहून उत्तरेची. यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता आणि पुढे यावल अभयारण्यातले पाल. वाटेत अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आणि डोंगराच्या कुशीतली मनुदेवी यांसाठी थोडी वाकडी वाट करावी. साहित्याची गोडी असेल तर याच फेरीत जुन्या जळगावात बहिणाबाई चौधरींच्या घरी जाऊन यावे. धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव, आणि भादली स्टेशनाजवळ १९१८ साली रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला. निसर्गाचा एवढा वेडा कवी ज्या मुलखात जन्मला, त्याच मुलखात पाहण्यासारखे काय आहे असे आपण विचारतो!

एस. टी. ने येणाऱ्यांना एकच मंत्र : उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी केव्हा, हे विचारा. वेळापत्रकाच्या फळीला विचारू नका, चहावाल्याला विचारा. फळीवरची गाडी शाळेला सुटी असली की येत नाही, हे फळीला ठाऊक नसते, चहावाल्याला असते.

तिसरी सूचना पोटाची. येताना फराळाचे डबे भरून आणू नका, पोटात जागा आणा. थंडीत भरीत खावे. पांढरट हिरवी, मोठी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात, मुसळीने कुटतात, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात पडते. सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हाला मात्र ते पूर्वीपासूनच ठाऊक होते! त्याखेरीज वरण-बट्टी आहे, खापरावरचे मांडे आहेत, शेवभाजी आहे. शेवभाजी मागवताना “तिखट जरा कमी” असे आधी सांगावे. पहिल्या घासानंतर सांगून उपयोग नाही, कारण त्या वेळी बोलता येत नाही. केळीच्या बागेत मालकाला विचारल्यावाचून शिरू नये आणि शिरल्यास जुने कपडे घालून शिरावे. केळीच्या चिकाचा डाग धोब्याच्या दहा पिढ्यांना निघायचा नाही. आमच्या सौ.च्या एका मोतिया रंगाच्या साडीने ही माहिती पुरवली आहे.

आता चौथी सूचना. ती भाषेची आहे. मराठीच्या प्राध्यापकाने भाषेवर बोलावे यात नवल नाही. पण ही गोष्ट माझ्या फजितीची आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे सातपुड्याच्या पायथ्याशी एका ओढ्यावर गेलो होतो. जळगावात ऊन होते, डोक्यावर आकाश निळे होते. ओढ्यात घोट्याएवढे नितळ पाणी. मधल्या मोठ्या खडकावर आम्ही सतरंजी अंथरली, डबे उघडले. धाकटी नऊ वर्षांची. ती पाण्यात पाय सोडून बसली होती. पलीकडच्या उतारावर दहा-बारा वर्षांचा एक पावरा मुलगा गुरे चारत होता. तो एकाएकी ओरडू लागला. एकच शब्द पुन्हा पुन्हा. हातातली काठी तो डोंगराकडे दाखवीत होता.

धाकटीने विचारले, “बाबा, तो काय म्हणतोय?”

मी दशमीचा तुकडा मोडत म्हणालो, “काही नाही गं, गुरांना हाकारतोय.”

वीस वर्षे भाषा शिकवणाऱ्या माणसाचे हे उत्तर! त्या मुलाचे तोंड आमच्याकडे होते, गुरे त्याच्या पाठीमागे होती. एवढे पाहायलाही मी मान वर केली नाही. पाहिले ते आमच्या सौ.नी. त्या म्हणाल्या, “अहो, पाणी बघा.” नितळ पाणी चहासारखे तांबूस झाले होते आणि त्यावरून वाळकी पाने, काटक्या, फेसाचे गोळे येऊ लागले होते. कुठून तरी दगड घरंगळल्यासारखा आवाज येत होता. मी धाकटीला उचलले, सौ.नी थोरल्याचा हात धरला आणि आम्ही काठाकडे धावलो. मधल्या दहा-पंधरा पावलांत घोट्याचे पाणी माझ्या मांडीला लागले. काठावर चढून मागे वळून पाहिले तेव्हा सतरंजी नव्हती, डबे नव्हते. खडकही दिसत नव्हता. वर डोंगरात, आमच्या नजरेआड, तासाभरापूर्वी पाऊस कोसळला होता.

तो मुलगा लांबच्या फरशीवरून वळसा घालून आमच्याकडे आला. रागावला नाही, हसलाही नाही. धाकटीचा भिजलेला फ्रॉक पाहून त्याने आम्हाला आपल्या झोपडीकडे नेले. त्याच्या आजीने चूल पेटवली, मुलीला जवळ बसवून घेतले आणि आम्हाला बिनदुधाचा चहा दिला. निघताना मी पाकीट काढून पाचशेची नोट पुढे केली. म्हातारीने दोन्ही हात पदराखाली घेतले. ती काही बोलली नाही. पण मघापर्यंत आमच्याकडे पाहत होती ती चुलीकडे पाहू लागली. सौ.नी माझा हात मागे ओढला, पुढे वाकून म्हातारीला नमस्कार केला, तेव्हा कुठे तिने पुन्हा वर पाहिले. मी मोबाइलवर त्या दोघांचा फोटो काढला, अर्थात विचारून, आणि “पाठवतो हं” असे म्हणून निघालो.

तो शब्द माझ्या कानात राहिला होता. आठवड्यानंतर वर्गात, शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका पावरा विद्यार्थ्याला मी तो जमेल तसा उच्चारून दाखवला. तो म्हणाला, “सर, पाणी आलं, असं म्हणत होता तो.” हा विद्यार्थी तीन वर्षे माझ्या वर्गात होता. त्याची बोली कोणती, हे मी त्याला कधी विचारले नव्हते. निबंधातल्या त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाला मात्र तांबड्या शाईने खुणा केल्या होत्या.

म्हणून सांगतो वाचकहो, ओढ्याकाठी बसलात तर आकाशाकडे पाहून निर्धास्त राहू नका. पाणी गढूळले, त्यावर पालापाचोळा दिसला, आवाज बदलला, की सामानाचा मोह न धरता काठ गाठा, आणि जवळचा नव्हे, उंच काठ गाठा. पावसाळ्यात पात्राच्या मधल्या खडकावर बसूच नका. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गावचा माणूस काही सांगू लागला तर हातातले काम टाकून ऐका. कळले नाही तर पुन्हा विचारा. खानदेशात चार-सहा कोसांवर बोली बदलते. धुळे-अमळनेरकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा पाटलांची बोली, डोंगरात भिली आणि पावरी. ओट्यावरून कोणी “बठा, भाऊ” म्हणाले तर त्यातला ‘बठा’ ऐकून हसू नका, बसा. वयस्क माणसाला आबा किंवा नाना म्हणावे, म्हातारीला माय म्हणावे. पुढची वाट आपोआप मोकळी होते. “ए, इकडे ये” अशी हाक मारून विचारलेली वाट चुकते, असा माझा अनुभव आहे.

पैशांचेही तसेच. वाटाड्याला, गाडीवाल्याला, खाणावळीला ठरलेले दाम चोख द्यावे, त्यात घासाघीस करू नये. पण कोणी घरी बोलावून पाणी-चहा दिला तर त्याची किंमत नोटेने करू नये. मुलांसाठी फार तर गोष्टीचे पुस्तक द्यावे, पेढ्यांचा पुडा द्यावा, तोही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती. रस्त्यावर गोळ्या-चॉकलेटे उधळणाऱ्या पाहुण्यांमुळे पोरे शाळा सोडून गाड्यांमागे धावू लागतात.

राहिला फोटो. “पाठवतो” असे आपण किती सहज म्हणतो! कोठे पाठवणार होतो मी? त्या झोपडीला क्रमांक नव्हता, मोबाइल नव्हता. दिवाळीत छापून आणलेली तसबीर माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिली. धाकटी मधून मधून खण उघडून पाहायची आणि काही न बोलता बंद करायची. अखेर जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघे एस. टी. ने निघालो. या खेपेस पाहण्याच्या ठिकाणांची यादी नव्हती, घाई नव्हती. फाट्यावर उतरून चहावाल्याला परतीची गाडी विचारली आणि चालू लागलो.

म्हातारीने तसबीर हातात घेतली, पदराने पुसली, उलटी करून मागची बाजूही पाहिली. मग नातवाला हाक मारली. तो आला आणि आपलेच तोंड पाहून लाजला. धाकटीने त्याला तो शब्द म्हणून दाखवला. उच्चार चुकला असावा, कारण तो पोट धरून हसला. मग त्याने तिला तो शब्द तीनदा म्हणायला लावला, चौथ्या खेपेस मान डोलावली आणि माझ्याकडे वळून पाहिले.

मग मीही म्हणालो. मला पाच वेळा म्हणावे लागले.